‘नुसतं दळण होतं’ म्हणणाऱ्या माजी खेळाडूस

मागच्या आठवड्यात ‘रूनस्केप’ या ऑनलाइन खेळाच्या आठवणी लिहिल्या. त्यावर आलेली ही प्रतिक्रिया, एक अक्षर न बदलता:

“काका, आठवणी ठीक आहेत, पण तुम्ही ज्याला मैत्री म्हणता ते नुसतं दळण होतं. तासन् तास झाडं तोडा, मासे धरा, आकडा वाढवा. शेजारी उभे असायचे त्यातले निम्मे बॉट, उरलेले फसवणारे. आणि वाइल्डरनेस २००८ मध्ये नाही, १० डिसेंबर २००७ ला बंद झालं. अभ्यास करून लिहा. हिंदी मिसळणंही कमी करा.”

(बॉट म्हणजे माणसाऐवजी आपोआप खेळणारा प्रोग्राम. वाइल्डरनेस म्हणजे नकाशातला तो भाग, जिथे खेळाडू एकमेकांना मारू शकायचे.) खाली सही फक्त ‘एक माजी खेळाडू’. नावाची जागा रिकामी. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळा होणार होतो, पण दोन दिवस ते डोक्यातून जाईना, म्हणून इथे सविस्तर.

आधी तारीख. तुमचं बरोबर आहे, माझं चुकलं. त्या डिसेंबरात माझी दहावीची प्रिलिम होती, कॅफे बंद होता (माझ्यासाठी, गावासाठी चालू होता). नव्या वर्षात लॉग-इन केलं तेव्हा वाइल्डरनेसमध्ये कोणी कोणाला मारू शकत नव्हतं, मित्राला चार वस्तू फुकट द्यायचीही सोय उरली नव्हती. माझ्यासाठी ते २००८ मध्येच बंद झालं, पण लेखात खरी तारीख हवी होती. मान्य.

आता ‘काका’. मी पस्तिशीत आहे. आमच्या बिल्डिंगमधली पोरं मला काका म्हणतात, त्यांचा तो हक्क आहे. पण ज्याला डिसेंबर २००७ ची तारीख दिवसासकट पाठ आहे, तो त्या वर्षी काही पाळण्यात नव्हता. मग कोण कोणाचा काका? माझा मुद्दा चुकला असेल तर चुकला म्हणा, पण पहिल्याच शब्दात माणसाला म्हातारा करून खुर्चीत बसवायचं आणि मग त्याच्याशी बोलायचं, ही कुठली रीत? आमच्याकडे इंदुरात अनोळखी माणसाला ‘भिया’ म्हणतात. त्यात समोरचा निदान बरोबरीचा तरी राहतो.

आणि ‘अभ्यास करून लिहा’. बरं. राजवाड्याच्या मागच्या एका गल्लीत, जिन्याखाली चार कॉम्प्युटरचा कॅफे होता. तासाला पंधरा रुपये. मालक कुठलंही सॉफ्टवेअर टाकू देत नसे, सीडी लावली तर कान धरून बाहेर. मोठमोठे गेम तिथे चालणं शक्यच नव्हतं. रूनस्केप चालायचं, कारण ते ब्राउझरमध्ये जावावर चालायचं, इन्स्टॉल करायचं काही नाही. महिन्याला पाच डॉलर भरून मेंबर व्हायची सोय होती, पण आमच्या घरात क्रेडिट कार्डच नव्हतं. सगळा खेळ फुकटच्या वर्ल्डवर (वर्ल्ड म्हणजे खेळाचा सर्व्हर). शिकवणीला जातो सांगून मी चार वर्षं हा अभ्यास केलाय. आई अजून ते काढते.

‘नुसतं दळण होतं.’

हे वाक्य मला लागलं, खोटं कशाला बोलू. लागलं, कारण ते अर्धं खरं आहे. खेळातल्या करामजा बेटाच्या धक्क्यावर लॉबस्टर धरायचे. पोर्ट सारिम बंदरातून जहाजाचं भाडं ३० नाणी. पिशवीला २८ खण, त्यात एक पिंजऱ्याला, एक नाण्यांना, उरले २६. पाण्यातल्या बुडबुड्यांवर एकदा क्लिक करायचं आणि बसायचं. बाहुली आपली वाकून उभी. २६ झाले की पुन्हा ३० नाणी, पुन्हा जहाज, तिथून ड्रेनॉरच्या बँकेपर्यंत पायपीट, आणि उलट पावली परत. (आमच्या घरात अंडंदेखील येत नाही. लॉबस्टरला मराठीत शेवंड म्हणतात हे मला तिशीनंतर कळलं.)

पण साहेब, एका क्लिकनंतर हात रिकामे असायचे, हे विसरलात का? गोष्ट तिथेच होती. आजचे गेम बघा, डोळा मिटायची फुरसत नाही. माझा भाचा खेळताना फक्त ओरडतो. आमच्या त्या धक्क्यावर मात्र सहा-सात जण उभे, मासा लागेपर्यंत करायला काही नाही, मग माणूस करणार काय? बोलणार. डोक्यावर पिवळी अक्षरं उमटायची, एका वेळी जेमतेम ऐंशी अक्षरं मावायची, आणि शिवीच्या जागी तारका यायच्या.

दळणाचीच गोष्ट काढलीत तर जात्यावर बसून बायका ओव्या म्हणायच्या, त्या पीठ पडावं म्हणून नव्हे. आता तुम्ही म्हणाल, काका, तुम्ही जातं पाहिलंय का? पाहिलंय. आजीकडचं माळ्यावर असायचं, लग्नामुंजीत हळद दळायला खाली उतरायचं. दोन बायका खुंट्याला हात लावून बसायच्या आणि घरातलं जे एरवी कोणी बोलत नसे ते तिथे निघायचं. मी आठ वर्षांचा असताना आत्याचं सासर कसं आहे ते तिथेच ऐकलं.

माझा तिथला मित्र पोलंडचा. रात्रपाळीचा पहारेकरी, एका गोदामावर. त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच कच्चं, त्यामुळे आम्हा दोघांना एकमेकांची लाज वाटत नसे. व्याकरण नाही, म्हणून बोलणं खाण्यावर यायचं. पोहे म्हणजे काय, हे ऐंशी-ऐंशी अक्षरांत समजावून बघा एकदा! चपटा केलेला तांदूळ, वर शेव, आणि बाजूला जिलबी. तो म्हणे, गोड आणि तिखट एका घासात? मी म्हटलं, हो. मग सराफा सांगितला: दिवसा सोन्याची दुकानं, रात्री ती मंगल (म्हणजे बंद) झाली की त्यांच्याच ओट्यांवर खाण्याचे ठेले. त्यानं विचारलं, “हे कुठल्या वर्ल्डमध्ये आहे?” त्याला वाटलं मी खेळातलंच गाव सांगतोय.

हे दळण असेल तर असू दे.

आणि तुमचा ‘आकडा’. कुठल्याही कौशल्यात ९९ वी पातळी गाठायला १,३०,३४,४३१ गुण लागतात, आणि ९२ ला पोचलेला माणूस गुणांच्या हिशेबात निम्म्या वाटेवरच असतो, हे तुम्हाला ठाऊक असेलच, तारखा पाठ आहेत त्याअर्थी. मी मासेमारीत ७६ वर थांबलो. म्हणजे १३ लाखांच्या आसपास, पुरता दहावा हिस्सा. चार वर्षांत! मी आकड्यासाठी तिथे बसलो असेन, तर माझ्याइतका नालायक खेळाडू दुसरा नसेल. सगळा वेळ गप्पांत गेला, याहून मोठा पुरावा मी कुठून आणू?

शिवाय खेळ बनवणाऱ्या जॅगेक्स कंपनीनं २०१३ च्या फेब्रुवारीत ऑगस्ट २००७ चा जुना बॅकअप काढून ‘ओल्ड स्कूल’ रूनस्केप सुरू केलं, ते लोकांनी मतं देऊन मागितलं म्हणून. चार लाखांवर मतं पडली. सगळ्यांनी पुन्हा शून्यापासून झाडं तोडली, तीच, तसल्याच कुऱ्हाडीनं. त्या सगळ्यांना दळायची हौस होती का?

बॉट होते. मी नाही कुठे म्हटलंय? लेख बॉटवर नव्हता. डिसेंबर २००७ चे निर्बंधच मुळी खेळातली नाणी खऱ्या पैशाला विकणाऱ्यांमुळे आले, हे तुमच्या बाजूनं जातं, तेही मला कळतं. पुढे.

फसवणूकही होती. ‘पासवर्ड उलटा टाईप कर, गेम आपोआप तारका दाखवतो’ यात मीसुद्धा अडकलो; पासवर्ड उघडा पडला आणि खेळातलं रून चिलखतही गेलं. तो माझा गाढवपणा, त्याचा धक्क्यावरच्या गप्पांशी काय संबंध?

राहता राहिली हिंदी. आमचे लोक होळकरांच्या मागे माळव्यात आले, आणि तेव्हापासून आम्ही असंच बोलतो. पुण्याला चालत नसेल तर पुण्यानं वाचू नये. (तुम्ही पुण्याचे नसाल तर हे वाक्य सोडून द्या.)

तुमच्यावर राग नाही असं लिहिणार होतो, पण आहे थोडा. तुम्हीही त्या धक्क्यावर उभे असाल, नाहीतर लॉबस्टरला दळण म्हणणं सुचलं नसतं. तेव्हा तुमच्या शेजारी कोणीच बोललं नाही का? की बोललं आणि तुम्ही उत्तर दिलं नाहीत? हे टोमण्यानं विचारत नाहीये. बरं, थोडं टोमण्यानं विचारतोय.

परवा रात्री, तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर, जुना पासवर्ड शोधून लॉग-इन केलं. पोलंडवाल्याचं नाव मित्रांच्या यादीत आहे. लाल, म्हणजे ऑफलाइन. तो बॉट नव्हता एवढं नक्की, बॉटनं जिलबीचं स्पेलिंग तीनदा विचारलं नसतं.

मूळ लेखात तारीख दुरुस्त केली आहे.