म्हणे एकट्याचीच शिकार!

आज सकाळी पुन्हा तसलाच फोटो. डोंगरउतारावर एकटा शिकारी, समोर पडलेला नर एल्क, म्हणजे उत्तर अमेरिकेतलं भलंमोठं हरीण, आणि वर ओळ, 'खरी शिकार एकट्याचीच'. खाली लाइकांचा पाऊस. एकानेही विचारलं नाही, की अरे बाबा, हा आता उचलणार कोण?

300 किलोच्या आसपासचं जनावर आहे ते. हाडं काढून टाकली तरी 80 ते 100 किलो मांस उरतं. एका खेपेला पाठीवर 30 किलो धरा. मांसाच्याच तीन खेपा, शिंगं आणि सामानाची चौथी. तंबू 5 किलोमीटरवर असेल तर चारदा ओझं घेऊन जायचं, तीनदा रिकामं परत यायचं. झाले 35 किलोमीटर, तेही वाट नसलेल्या रानातून. दोघं असाल तर प्रत्येकी 15. खरं तर इथेच विषय संपायला हवा.

पण फोटो डोक्यातून जात नाही. ऊन कललंय आणि कातडं अजून अंगावरच! त्या दाट केसांखाली ऊब कोंडून राहते. रात्र गार असली तरी मागच्या मांडीचं मांस आतून, खुब्याच्या हाडापासून खराब व्हायला लागतं आणि वरून काही कळत नाही. म्हणून आधी कातडं, मग मांड्या सुट्या करून सुती पिशव्यांत, सावलीत, वारा खेळेल अशा टांगायच्या. प्लास्टिक अजिबात नको. दोघांत एक जण पाय ताणून धरतो, दुसरा सांधा सोडवतो. एकटा माणूस तोच पाय दोरीने झाडाला बांधतो. गाठ सरकली की पाय उसळतो आणि सुरी थेट स्वतःच्या मांडीवर. फोटो मोठा करून बघा, त्याच्या डाव्या अंगठ्याला चिकटपट्टी गुंडाळलेली आहे.

अस्वलांच्या मुलखात तर कापणाऱ्याची मान खालीच असते, आणि आतड्यांचा वास कधीच वाऱ्यावर गेलेला असतो. वारा जिकडे वाहतोय तिकडे नजर लावून, अस्वलाला पळवायचा तिखट स्प्रे हातात धरून कोणी नुसतं उभं राहिलं तरी निम्मी धास्ती कमी होते.

धनुष्याने शिकार करणाऱ्यांना तर सांगायलाच नको. एल्कच्या आवाजाची नक्कल करून साद घालणारा 40-50 मीटर मागे बसतो. नर आवाजाकडे बघत येतो, पुढच्याला प्रत्यंचा ओढायला उसंत मिळते. एकट्याने साद घातली की तो नेमका तुमच्याकडेच टक लावून येतो. हललात की गेला. जखमी जनावराचा माग काढतानाही तेच. एकाने रक्ताच्या शेवटच्या थेंबापाशी थांबायचं, दुसऱ्याने पुढे शोधायचं. एकटा हमखास आपल्याच पावलांनी खुणा तुडवतो.

बरं, कबूल. दोघांची चाहूल जास्त लागते, आणि चुळबुळ्या सोबत्यापेक्षा एकटं गेलेलं परवडलं. उपग्रहाचं यंत्र मदत बोलावतं, हेही कबूल. पण ती पोचेपर्यंत जखम दाबून धरायला हात लागतात.

आता राग ओसरला. फोटो काढायलासुद्धा कोणी नव्हतं हो त्याच्याबरोबर, कॅमेरा दगडावर टेकवलाय. क्षितिज तिरकं आलंय. आणि चार खेपा अजून तशाच पडल्यात.