14 कोअरचा जुना झिऑन : स्वस्त आहे, पण कोणासाठी?

स्वतःचा संगणक जुळवू पाहणाऱ्यांमध्ये एक सल्ला सध्या हातोहात फिरतो आहे. तो असा : नव्या प्रोसेसरवर पैसे उधळू नका, सर्व्हरमधून निघालेला इंटेल झिऑन ई5-2680 व्ही4 हा प्रोसेसर आणि त्यासोबत चिनी एक्स99 बोर्ड (तो बसवायचा मदरबोर्ड) घ्या, एका वेळी अनेक कामे करायची तर कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) लागतात, आणि येथे 14 कोअर, 28 थ्रेड (एका वेळी चालणारे कामाचे धागे) कवडीमोलाने मिळतात, शिवाय माल सर्व्हरचा, म्हणजे वर्षानुवर्षे टिकणार. यातले आकडे खरे आहेत. त्यांवरून काढलेले निष्कर्ष मात्र तपासायला घेतले की डळमळू लागतात.

प्रथम कोअरच्या संख्येविषयी. ब्राउझरमध्ये तीस-चाळीस टॅब, एक्सेलच्या तीन-चार फाइली, व्हॉट्सॲप आणि जोडीला एखादी व्हिडिओ मीटिंग असा नेहमीचा पसारा मांडून टास्क मॅनेजरमधील ‘परफॉर्मन्स’ उघडावे. सीपीयूचा आलेख बराच वेळ तळाशी रेंगाळताना दिसतो, कारण उघडलेले बहुतेक प्रोग्रॅम काही करत नसून आपल्या क्लिकची वाट पाहत असतात. 8 जीबीच्या यंत्रात मेमरीचा आलेख मात्र छताला टेकलेला असतो. क्रोम निरनिराळ्या साइटसाठी निरनिराळ्या प्रोसेस चालवतो आणि त्यांतील प्रत्येक प्रोसेस रॅममध्ये आपली जागा अडवते. रॅम अपुरी पडली की विंडोज त्यातील काही भाग डिस्कवरील पेजफाइलमध्ये ढकलते, आणि टॅब बदलताना यंत्र जे अडखळते ते त्यामुळे. त्यावर उपाय 32 जीबी रॅम आणि बरी एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) डिस्क हा आहे. कोअर वाढवून ते अडखळणे जात नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे आणि ती सल्ल्यात येतच नाही. एक्सेलमधला व्हीबीए मॅक्रो (ठरावीक कामे आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम) एकाच थ्रेडवर चालतो. वेबपानावरची जावास्क्रिप्टही मुख्यतः एकाच थ्रेडवर चालते. अशा वेळी कोअर किती आहेत यापेक्षा एक कोअर किती चपळ आहे, हे निर्णायक ठरते. हा झिऑन 2016 सालचा. त्याचा मूळ वेग 2.4 गिगाहर्ट्झ, आणि 3.3 गिगाहर्ट्झपर्यंतची उडी मोजकेच कोअर कामात असतील तेव्हाची. 2022 मध्ये आलेला एएमडी कंपनीचा रायझन 5 5600 हा प्रोसेसर 6 कोअरचा असला, तरी 4.4 गिगाहर्ट्झपर्यंत जातो आणि घड्याळाच्या (क्लॉकच्या) प्रत्येक ठोक्यात अधिक काम उरकतो. त्यामुळे एकेका कोअरच्या कामात तो दीडपटीहून अधिक वेगवान ठरतो, आणि सगळे कोअर राबवले तरी कोअरच्या संख्येत दुपटीहून मोठी दिसणारी झिऑनची आघाडी जवळजवळ विरून जाते.

‘सर्व्हरचा म्हणून टिकाऊ’ हे अर्धसत्य आहे. चिप सहसा मरत नाही. प्रश्न बोर्डाचा असतो. एक्स99 या नावाने विकल्या जाणाऱ्या अनेक बोर्डांवर जुन्या डेस्कटॉप बोर्डांचे काढलेले चिपसेट (बोर्डावरील जोडण्या सांभाळणाऱ्या चिप) बसवलेले असतात, आणि बायोसचे (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचे) अपडेट मिळेलच याची खात्री नसते. नव्या सीलबंद प्रोसेसरला तीन वर्षांची वॉरंटी असते. येथे दुकानदाराचा शब्द हीच वॉरंटी.

स्वस्ताईच्या हिशेबातही दोन रकमा गाळलेल्या आहेत. या झिऑनमध्ये अंगचे ग्राफिक्स नाही, म्हणजे वेगळे कार्ड आले. (रायझन 5 5600 मध्येही नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे, इंटेलच्या कोअर आय5-12400 या प्रोसेसरमध्ये आहे, मात्र नावापुढे ‘एफ’ असलेला घेऊ नये.) दुसरी रक्कम विजेची. झिऑनचा टीडीपी (उष्णतेच्या हिशेबाने ठरवलेली वीजखपतीची पातळी) 120 वॅट, रायझनचा 65. प्रत्यक्ष वापरात सरासरी 50 वॅटचा फरक धरला, तर रोज 8 तास आणि वर्षाला 300 दिवस या हिशेबाने 120 युनिट जास्त जळतात. युनिटला 10 रुपये दर धरल्यास वर्षाला 1,200 रुपये झाले.

विंडोज 11 चालवू शकणाऱ्या प्रोसेसरच्या अधिकृत यादीत हा झिऑन नाही, आणि विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. लिनक्स वापरणाऱ्यांनी हा मुद्दा सोडून द्यावा.

तरीही एका वर्गासाठी हा सल्ला बरोबर आहे. ज्यांना एकाच यंत्रावर सात-आठ व्हर्च्युअल मशीन (एका संगणकात चालणारे आभासी संगणक) चालवायच्या आहेत, त्यांना या झिऑनची चार चॅनेलची मेमरी, 40 पीसीआय एक्सप्रेस लेन (कार्डे आणि डिस्क जोडण्याच्या वाटा) आणि सर्व्हरची ईसीसी (चुका स्वतः दुरुस्त करणारी) रॅम वापरण्याची सोय खरोखर उपयोगी पडते. पण त्यांनीही अनोळखी बोर्डाऐवजी एचपी झेड440 किंवा डेल प्रिसिजन 5810 यांसारखे वापरलेले वर्कस्टेशन शोधावे, आणि पैसे देण्यापूर्वी त्याचा बायोस व्ही4 मालिका ओळखतो की नाही, हे दुकानातच यंत्र सुरू करून पाहावे.