बहात्तर टक्के

काल रात्रीपासून घरात माझं नाव ‘बहात्तर टक्के’ आहे. सकाळी बायकोने याच नावाने हाक मारली, आणि पोराने बाथरूमचं दार बडवत विचारलं, “बहात्तर टक्के, अजून किती वेळ?” नाव ठेवलं आतोबांनी. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. चार दिवसांसाठी आलेत. आज सहावा.

निमित्त एका चित्रपटाचं. ‘फिंच’, २०२१ चा. मला तो कधीपासून शांतपणे बघायचा होता, कारण तो स्वतःच शांत आहे. जग संपलंय, पण कुणी कुणाच्या छाताडावर बसत नाही. सूर्यावरच्या उद्रेकाने ओझोनचा थर गेलाय, उघड्या अंगाने उन्हात गेलं तर कातडी भाजते, आणि टॉम हँक्स एक कुत्रा आणि स्वतः जोडलेला एक रोबो घेऊन जुन्या मोटारघरातून सेंट लुईसहून सॅन फ्रान्सिस्कोकडे निघालाय. संपली गोष्ट. गंमत म्हणजे हा चित्रपट आधी २०२० मध्ये थिएटरात येणार होता, वेगळ्या नावाने. मग खरंच जग बंद पडलं आणि जग बुडाल्याचा चित्रपट लांबणीवर पडला. शेवटी लोकांनी तो घरी बसूनच पाहिला. घरी बसून बघण्यात काय धोका असतो हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

दिवे मालवले. कोचाच्या एका टोकाला आत्या, दुसऱ्या टोकाला आतोबा, मध्ये मी.

“कुत्रा मरतो का रे?” आत्याने पहिल्याच मिनिटाला विचारलं.

“नाही.”

“नक्की?”

“नक्की.”

मग ती पाय वर घेऊन निर्धास्त बसली. आत्याला हसू नका. चित्रपटात कुत्रा मरतो की नाही हे आधीच सांगणारं एक संकेतस्थळ इंग्रजीत आहे, आणि मी दुपारीच तिथे जाऊन आलो होतो.

आतोबांचं तसं नाही. ते निवृत्त होईपर्यंत एका कारखान्यात मेन्टेनन्सला होते. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या वस्तू आहेत, वेळेवर वंगण मिळालेल्या आणि न मिळालेल्या.

“कुत्र्याचं नाव काय म्हणाला तो?”

“गुडइयर.”

“टायरचं?”

“हो.”

“हा माणूस करतो काय?”

“इंजिनियर आहे.”

“मग बरोबर,” आतोबा म्हणाले. यात बरोबर काय, ते मला अजून कळलेलं नाही.

रोबो पहिल्यांदा उभा राहिला. लहान मुलासारखा धडपडला. इथे मला जरा भरून यायला हवं होतं, तशी तयारीही झाली होती.

“गुडघा,” आतोबा म्हणाले.

“काय?”

“गुडघ्याला ग्रीस नाहीये.”

“आतोबा, तो आत्ताच जन्माला आलाय.”

“मग जन्माच्या आधी लावायला नको? आत माणूस आहे ना त्या पत्र्याच्या?”

चूक माझी. मी उत्साहाने सांगितलं की कॅलेब लँड्री जोन्स नावाचा नट आहे, त्याच्या हालचाली टिपून घेतात आणि त्यावर कॉम्प्युटरने रोबो चढवतात. आतोबांनी बराच विचार केला. तोवर पडद्यावर काहीतरी महत्त्वाचं होऊन गेलं. “म्हणजे गुडघा त्याचाच दुखत असणार.”

मग ओझोन. “ते भोक बुजत आलंय म्हणत होते ना?” मी दबक्या आवाजात सांगितलं, की हो, १९८७ मध्ये मॉन्ट्रियलला करार झाला, फ्रीजमधले आणि फवाऱ्यांतले ते वायू देशांनी बंद करत आणले, थर हळूहळू सावरतोय. इथे मात्र सूर्याने घात केलाय.

“सूर्याची सही घेतली नव्हती का करारावर?”

पुढे पेट्रोल. जग संपून इतकी वर्षं झाली, मग पेट्रोल कुठलं? पेट्रोल शिळं होतं, वर्षभरात त्यात चिकट राळ धरते, कार्ब्युरेटर चोंदतो, हे त्यांनी मला हाताने कार्ब्युरेटर काढून दाखवत समजावलं. म्हणजे काल्पनिक कार्ब्युरेटर, पण झाकण उघडून. पेट्रोल शिळं होतं हे खरं आहे. मी रात्री तपासलं. त्याचाच जास्त राग आला.

आणि मग तो प्रसंग. वादळ येतंय, निघायला हवं, म्हणून रोबोच्या डोक्यात माहिती भरायचं काम ७२ टक्क्यांवरच थांबतं. बिचारा जेफ, म्हणजे तो रोबो, तेवढ्या भांडवलावर जगात पाऊल टाकतो. “बहात्तर टक्के,” आतोबा पुटपुटले आणि माझ्याकडे वळून पाहिलं. मला तेव्हाच उठून जायला हवं होतं.

जेफला सगळंच नवीन, त्यामुळे तो वाटभर प्रश्न विचारतो. हँक्स आजारी, खोकतोय, वैतागतोय. “काय हा रोबो!” आतोबा कळवळले. “किती प्रश्न! त्या माणसाचं डोकं खाल्लं नुसतं. जरा गप्प बसावं की माणसाने.” मी आत्याकडे पाहिलं. आत्या फार निष्ठेने टीव्ही बघत होती.

फिंच, म्हणजे हँक्स, मरणार आहे, आणि ते त्याला माहीत आहे. म्हणून त्याने जेफला घालून दिलेल्या नियमांत चौथा नियम असा, की फिंच नसताना कुत्र्याला सांभाळायचं, आणि हा नियम बाकीच्या सगळ्यांच्या वरचा. माणसाने आपल्या सेवेला यंत्र करावं यात काही नवल नाही. याने कुत्र्यासाठी पालक केलाय. मी माझ्यामागे घरात काय सांभाळायचं त्याची यादी केली, तर घरचे चौथ्या क्रमांकावर वाय-फायचा पासवर्ड शोधतील.

तर तो कुत्रा चित्रपटभर रोबोला हिंग लावून विचारत नाही. आणि अगदी शेवटाकडे तोंडातला चेंडू आणून त्याच्यासमोर ठेवतो. एवढंच. मला चेंडूंचं काही सांगू नका. हाच हँक्स २००० साली एका निर्जन बेटावर व्हॉलीबॉलशी गप्पा मारत होता, आणि तो व्हॉलीबॉल समुद्रात वाहून गेला तेव्हाही मी असाच कामातून गेलो होतो. डोळे पुसले तर कळेल म्हणून मी पुसले नाहीत. नाकही ओढलं नाही. नेमकं त्याच वेळी आतोबांना चष्म्याचं घर हवं झालं, त्यांनी मोबाइलची बॅटरी लावली आणि झोत सरळ माझ्या तोंडावर.

“अगं, हा रडतोय!”

“नाही हो आतोबा, ते...”

“कोण गेलं? तो माणूस तर बसलाय अजून.”

“कुणी गेलं नाही.”

“मग रडतोस कशाला? लोखंडासाठी?”

“तो चेंडू...” मी म्हणालो. म्हणायला नको होतं.

“चेंडूसाठी!” आतोबांनी झोत हलवला नाही. “तुझ्यातपण बहात्तर टक्केच भरलंय रे कुणीतरी.”

आत्या हसली. आतल्या खोलीतून बायको हसली, म्हणजे ती झोपलेली नव्हती. माणूस गेला त्या वेळी मी बेसिनपाशी तोंड धूत होतो.

सामना हरल्यावर रिमोट आपटणारा बाप घरात चालतो. बातम्या बघत शिव्या देणारा चालतो, त्याला उलट जागरूक म्हणतात. अंधारात, आवाज न करता, स्वतःच्या कोचावर रडणाऱ्यावर मात्र टॉर्च पडतो. एकशे पंधरा मिनिटांच्या चित्रपटात मला सलग चार मिनिटं मिळाली नाहीत, आणि वर टक्केवारी.

आज रात्री सगळे झोपल्यावर मी शेवटची वीस मिनिटं पुन्हा लावली. कानाला हेडफोन, आवाज कमी. जेफ आता ताठ चालायला लागलेला. मागे काहीतरी हललं म्हणून एक कान मोकळा केला. दारात आतोबा उभे होते, किती वेळ कुणास ठाऊक.

“गुडघा बरा दिसतोय आता,” ते म्हणाले. “सरक जरा.”

मी सरकलो नाही. मग सरकलो, पण फार नाही.