कागदावर मोमिनाबाद, बोलण्यात आंबेजोगाई

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. वंशावळीत गावाचं नाव त्या वेळच्या कागदात असेल तसंच लिहावं, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुमचे दोन आक्षेप आहेत. 'मोमिनाबाद', 'कुलाबा जिल्हा' अशी जुनी नावं लिहून ठेवली तर नातवंडांना गाव सापडणार नाही, हा एक. आणि सरकारने रीतसर बदललेली नावं डावलणं म्हणजे नामांतराला आडून विरोध करणं, हा दुसरा.

पहिल्यातलं निम्मं मला मान्य आहे. जुन्या नावाशेजारी आजचं नाव लिहा, हे त्या लेखात यायलाच हवं होतं. ती माझी चूक, आज तिथे भर घातली आहे. पण जुनं खोडून फक्त आजचं लिहावं, हे मला पटत नाही. का, ते घरच्याच एका कागदावरून सांगतो.

आजोबांच्या जमिनीचा एक उर्दू कागद आमच्याकडे आहे. घड्यांवर फाटलेला, एका कोपऱ्याला कसर लागलेली. सन 1340, मोमिनाबाद, जिल्हा बीड. ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांनी तो वाचून दिला. मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई, हे घरात सगळ्यांना ठाऊक. आजी तर बोलताना कायम आंबेजोगाईच म्हणायची. म्हणून मी वहीत 'अंबाजोगाई, महाराष्ट्र' असं उतरवलं. पुढे त्या वहीवरून चुलतभावाने शोध सुरू केला. तो मोडी कागदांच्या मागे लागला, मोडी वाचणाऱ्याला पैसे दिले, याद्यांमध्ये 'अ'खाली गाव शोधत राहिला. दीड वर्ष असंच गेलं.

1340 हा फसली सन, म्हणजे महसुलासाठी वापरायची जुनी कालगणना; आपलं 1930-31. तेव्हा महाराष्ट्र राज्य नव्हतं. बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि सरकारी कारभार उर्दूत चालत होता. 'सन 1340, मोमिनाबाद, जिल्हा बीड' हे शब्द मी जसेच्या तसे ठेवून पुढे 'हैदराबाद संस्थान' एवढं लिहिलं असतं, तर कोणत्या भाषेतले, कोणत्या सनाचे आणि कोणत्या राज्याच्या दप्तरातले कागद शोधायचे, हे त्याला पहिल्या दिवशी कळलं असतं. गावाला जायला आजचं नाव लागतं, कागदापर्यंत पोचायला मात्र जुनंच उपयोगी पडतं. त्या दीड वर्षाचं मला आजही वाईट वाटतं.

जुनं म्हणून कुठलंही नाव लावूनही चालत नाही, हेही सांगायला हवं. कुलाबा जिल्ह्याचं नाव 1981 मध्ये रायगड झालं. पण आजच्या रायगड जिल्ह्यातल्या श्रीवर्धनच्या 1930 सालच्या नोंदीपुढे 'जिल्हा कुलाबा' लिहिलं तर तेही चूकच, कारण श्रीवर्धन 1948 पर्यंत जंजिरा संस्थानात होतं. आणि 1905 च्या जन्मापुढे नुसतं 'रायगड' लिहिलं, तर पुढचा माणूस खुशाल किल्ल्यावर जन्म झाला असं समजेल.

नातवंडं गाव गूगल मॅपवर शोधतील म्हणाल, तर पुणे जिल्ह्यातलं पळसदेव शोधून पाहा. दिसतं ते पुनर्वसनानंतर वसलेलं गाव. जुनं पळसदेव उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलं; धरणाचं पाणी उतरलं की तिथलं जुनं देऊळ वर येतं. तिथे जन्मलेल्या माणसासमोर नव्या गावाची खूण टाकून त्याची जागा कशी कळणार?

आता नामांतराचं. तुमचा हा आक्षेप मनाला लागला. माझ्या भाचीचा मुलगा 2024 मध्ये जन्मला, त्याच्या नावापुढे मी 'छत्रपती संभाजीनगर' लिहिलंय. त्याच शहरात 1938 मध्ये जन्मलेल्या आत्याच्या नावापुढे 'औरंगाबाद, हैदराबाद संस्थान' लिहून शेजारी आजचं नाव दिलंय. दोन्ही नोंदी त्या त्या दिवशी खऱ्या आहेत. नाव कोणतं असावं यावर मत द्यायला वंशावळ ही जागाच नव्हे.

शेवटी तुमच्या नोंदीविषयी. पणजीचं माहेर तुम्ही 'कारंजा, जि. वाशीम' असं लिहिलंय आणि लग्न 1920 च्या सुमाराचं. त्या वेळी वाशीम जिल्हा नव्हता. आजचा वाशीम 1998 मध्ये अकोल्यातून वेगळा झाला. म्हणजे जिल्हा नंतर कुणीतरी जोडला आहे. मूळ कागदात नुसतं 'कारंजा' असेल तर ते वाशीमचं कारंजा लाडच कशावरून? वर्धा जिल्ह्यातही कारंजा आहे, घाडग्यांचं. मूळ कागद हाताशी असेल तर गावाच्या पुढेमागे तालुका, परगणा, काही लिहिलंय का ते बघा. नसेल तर तूर्त 'कारंजा' एवढंच राहू द्या आणि वाशीमपुढे प्रश्नचिन्ह टाका.