शिशुपालाचे शंभर आणि माझे

क्रिकेटमध्ये शतक ठोकायचं माझं राहूनच गेलं. शाळेत असताना एकदा २३ धावा झाल्या होत्या. त्यातल्या ४ लेगबायच्या होत्या आणि स्कोअर लिहिणारा माझ्याच बाकावर बसायचा. त्यानंतर पन्नाशी उलटेपर्यंत माझ्या नावापुढे शंभराच्या वरचा आकडा लागला तो फक्त रक्तातल्या साखरेचा. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. सोसायटीतले निवृत्त कर्नलसाहेब म्हणाले, "नुसतं काय चालायचं म्हाताऱ्यासारखं? गोल्फला या." गेलो. पहिल्याच दिवशी १३१ केले.

घरी येऊन आकडा सांगितला तेव्हा बायकोनं कौतुकानं विचारलं, "पहिल्याच दिवशी?" मुलानं फोनमधून मान वर काढली. "बाबा, त्यात कमी असलेलं चांगलं असतं."

तेव्हापासून तीन वर्षं मी शंभराच्या आत यायच्या खटपटीत आहे. कोर्सचं पार ७२, म्हणजे १८ भोकं मिळून ७२ फटक्यांत उरकावीत अशी अपेक्षा. ती माझ्याकडून कुणी ठेवत नाही. हौशी माणसाची वेस शंभराला असते. ९९ केले की तो गोल्फ खेळतो, १०१ केले की तो सकाळी फिरायला जातो. श्रीकृष्णानं शिशुपालाचे शंभर अपराध पोटात घातले आणि एकशे एकाव्याला चक्र सोडलं. त्या गोष्टीत लहानपणी मी कृष्णाच्या बाजूनं होतो. आता मला शिशुपालाची अडचण कळते. शंभर किती पटकन भरतात!

माझ्या अपराधांतला थोरला म्हणजे स्लाइस. चेंडू टीवरून, म्हणजे मातीत खोचलेल्या छोट्या खुंटीवरून, उडतो तेव्हा सरळच निघतो. पाहणाऱ्याला वाटावं, काय माणूस आहे! आणि मग अर्ध्या वाटेत, गॅस बंद केला का हे आठवल्यासारखा, तो उजवीकडे वळतो. उजवीकडे रफ म्हणजे वाढलेलं गवत, मग सुबाभळीची झाडं, मग कुंपण. हरवलेला चेंडू शोधायला पूर्वी ५ मिनिटं मिळत, २०१९पासून नियमानं ३ केली आहेत. मला घरात स्वतःचा चष्मा शोधायला यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि तो बऱ्याचदा डोक्यावर असतो. मी गवतात काठी खुपसत फिरतो आणि कर्नलसाहेब फेअरवेवर, मधल्या कापलेल्या गवतावर, उभे राहून डोक्यावरची टोपी काढून तर्जनीवर गरागरा फिरवत बसतात. त्यांची ती सवयच आहे. बोलत काही नाहीत. बोलले असते तर बरं, असं वाटतं.

चेंडू उजवीकडे जातो म्हटल्यावर मी सगळ्या नवशिक्यांचा उपाय केला. डावीकडे तोंड करून उभा राहिलो. चेंडू आणखी उजवीकडे गेला. मग आणखी डावीकडे वळलो. शेवटी मी जवळजवळ क्लबहाउसकडे बघत उभा राहू लागलो आणि मागचे लोक टेबलावरचे चहाचे कप उचलू लागले. नंतर कळलं ते असं: डावीकडे तोंड केलं की काठी चेंडूवर बाहेरून आत, तिरकी येते. काठीचा चेहरा मात्र त्या वाटेच्या मानानं उजवीकडे उघडा राहतो. मग चेंडूला कडेची गिरकी मिळते आणि तो उजवीकडे झुकतो. म्हणजे मी जितका टाळायला जात होतो तितका स्लाइस स्वतःच्या हातानं वाढवत होतो. एवढं समजायला मला आठ महिने आणि दोन गोणी चेंडू लागले.

समजलं म्हणजे जमलं असं नाही. मुळात या खेळातली मोठी अडचण ही की चेंडू हलत नाही. क्रिकेटचा चेंडू अंगावर येतो, विचाराला वेळच देत नाही, हात आपोआप काहीतरी करतात. हा पठ्ठ्या खाली बसून आपल्याकडे बघत राहतो. आणि तेवढ्या वेळात आपल्याला सगळं आठवतं. कर्नलसाहेबांचं "डोकं खाली". रेंजवरच्या, म्हणजे सरावाच्या मैदानावरच्या, एका गृहस्थांचं "डावा हात सरळ". त्यांच्या शेजारच्या गृहस्थांचं "ढिलं सोडा हो, ढिलं!" हे तिसरे स्वतः कधी १२०च्या खाली आलेले नाहीत, पण गोल्फमध्ये सल्ला द्यायला आकडा लागत नाही, फक्त शेजारी उभं राहावं लागतं. काठी मागे नेऊन चेंडूवर आणायचा सगळा प्रकार जेमतेम दीड सेकंदाचा. त्यात माझ्याकडे सूचना अकरा. दीड सेकंदात आमच्या घरी पंखा बंद कर एवढंही सांगून होत नाही.

मुलाला म्हटलं, माझा व्हिडिओ काढ. माझ्या मनात माझी एक प्रतिमा होती: हात लांब, कंबर वळलेली, शेवटी छाती लक्ष्याकडे आणि काठी खांद्यामागे. फोनवर जे दिसलं तो विहिरीवर रहाट ओढता ओढता पायाला मुंगी चावलेला माणूस होता. मी म्हटलं, हळू करून दाखव. हळू केल्यावर मुंग्या दोन झाल्या. गंमत म्हणजे त्याच व्हिडिओत, आधी हवेत फिरवलेली मोकळी काठी अगदी देखणी होती. चेंडू समोर नसेल तर मी उत्तम गोल्फ खेळतो.

मग घरी सराव सुरू झाला. हॉलमध्ये मोठी काठी फिरवण्यावर पहिल्याच आठवड्यात बंदी आली. पंख्याचं एक पातं तेव्हापासून किंचित नमस्कार केल्यासारखं वाकलेलं आहे आणि पंखा दोनवर ठेवला की टक-टक वाजतो. पटरला, म्हणजे चेंडू भोकाकडे घरंगळवायच्या काठीला, मात्र परवानगी मिळाली. गोल्फचं भोक १०८ मिलिमीटरचं असतं. जपमाळेचे मणीही १०८, हा योगायोग असला तरी भोकाशी पोचेपर्यंत देवाचं नाव साधारण तेवढ्याच वेळा घेतलं जातं. आमच्याकडे भोक म्हणून स्टीलचा पेला आडवा ठेवला. त्या सरावातून माझं पटिंग सुधारलं की नाही सांगता येत नाही, पण बिल्डरनं हॉलला बाथरूमच्या दिशेनं उतार दिलाय हे बारा वर्षांनी उघडकीस आलं. सोफ्याच्या पायापासून सोडलेला चेंडू टीपॉयला वळसा घालून बरोबर मोरीत जातो. न चुकता. कोर्सवर असा एक चेंडू पडला असता तर!

पटिंगच्या बाबतीत मनाला आधार देणारी एकच गोष्ट मला सापडली. अमेरिकेच्या पीजीए टूरवरचे, गोल्फवर संसार चालवणारे खेळाडूसुद्धा आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट, म्हणजे पटरचे फटके, भोकात टाकतात. आठ फूट म्हणजे आमच्या दिवाणाची लांबी अधिक दोन चपला. हे वाचलं त्या रात्री मला शांत झोप लागली. दुसरा आधार चंद्रावरचा. १९७१च्या फेब्रुवारीत अपोलो १४ घेऊन गेलेल्या ॲलन शेपर्डनं तिथे दोन चेंडू मारले आणि ते मैलोन्‌मैल गेले असं जाहीर केलं. एकदा तर चेंडूऐवजी धूळच उडाली, आणि खालून नियंत्रण कक्षातल्या सहकाऱ्यानं, हा स्लाइस दिसतोय, असं चिडवलंही. पन्नास वर्षांनी फोटो तपासून कुणीतरी अंतर काढलं: पहिला २४ यार्ड, दुसरा ४०. अंगात अंतराळवीराचा फुगीर पोशाख, एकाच हातात काठी, हे सगळं मान्य. पण गुरुत्वाकर्षण एकषष्ठांश होतं हेही लक्षात घ्या. मी पृथ्वीवर राहून २४ यार्ड कित्येकदा मारले आहेत.

रविवारची सकाळ अशी जाते म्हटल्यावर घरात कुरबुर होणारच. मी एकदा बायकोला सांगितलं की स्कॉटलंडमध्ये १४५७ साली संसदेनं गोल्फवर बंदी घातली होती, कारण लोक धनुष्यबाणाचा सराव टाकून हेच खेळत बसायचे. हा खेळ किती जुना आणि थोर आहे हे तिला कळावं एवढाच हेतू होता. ती म्हणाली, "बघा, तेव्हाच्या लोकांना कळत होतं." आणि पोळ्या लाटायला वळली. मी तिथेच ओट्याशी उभा राहून लांब डाव धरून पकड तपासत होतो. डाव्या हाताची दोन बोटांची पेरं दिसली पाहिजेत, तीन दिसली तरी चालतील, असं चाललं होतं. तिनं एकदा बघितलं. "अहो, मूठ बघा तुमची. पांढरी पडलीय. लाटणं असं आवळलं तर पोळीचा नकाशा होतो." मग तिनं करून दाखवलं. लाटणं तळव्यात नाही, बोटांखाली फिरत होतं. दाब फक्त पुढे जाताना, तोही जाणवेल न जाणवेल इतका, आणि पोळी आपली आपण गोल फिरत होती. रेंजवर याच गोष्टीसाठी मी अर्ध्या तासाचे पैसे मोजले होते. तिथे टूथपेस्टच्या ट्यूबचं उदाहरण देतात. पोळीचं जास्त पटलं. तेव्हापासून टीवर उभा राहिलो की मनात कणीक मळलेली असते.

दुसरा गुरू म्हणजे मामा. मामा आमचे कॅडी. सगळ्यांचेच मामा, कोर्सवर चाळीस वर्षं काढलेले, वयानं माझ्याहून मोठे, आणि मी त्यांच्या खांद्यावर चौदा काठ्यांची पिशवी देतो याची मला अजून लाज वाटते. चौदाच्या वर काठ्या ठेवायला नियमानं मनाई आहे. माझ्या त्यातल्या पाच चालतात, उरलेल्या नऊ मामा नुसत्याच फिरवून आणतात. आपल्याकडे कॅडींना कमी समजण्यात अर्थ नाही. इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय, १९९१चा अली शेर, कॅडीच होता. २००९ साली ती जिंकणारा चिन्नास्वामी मुनियप्पाही कॅडीच. मामा त्यांच्याबद्दल घरच्या माणसांसारखं बोलतात.

पहिलं वर्षभर मामांनी मला एक अक्षर शिकवलं नाही. मी मागेन ती काठी द्यायची आणि चेंडू गेला त्या दिशेला चालू लागायचं, बऱ्याचदा चेंडू जायच्या आधीच. एक दिवस मी सात नंबरच्या आयर्ननं ओळीनं चार चेंडू जमिनीवरून सरपटत घालवले. प्रत्येक वेळी मी खालून वर, उचलून द्यायला बघत होतो. मामांनी पिशवी खाली ठेवली. "सायेब, चेंडू उचलायचं काम काठीचं हाय. तुमचं न्हाई."

"म्हणजे?"

"तुमी गवत कापा. चेंडूच्या म्होरचं."

सात नंबरचा चेहरा मुळातच तीसएक अंश मागे कललेला असतो. काठी वरून खाली आली, आधी चेंडूला लागली आणि मग पुढच्या मातीत गेली, की चेंडू आपसूक वर चढतो. हे पुस्तकी ज्ञान मला होतं. पण 'गवत कापा' म्हटल्यावर हातांना कळलं. चेंडू उडाला, आणि चेंडूच्या पुढे तळहाताएवढी हिरवी ढलपी निघाली. मामा ती उचलायला गेले, जागेवर बसवली, बुटानं दाबली, आणि मागे न बघता म्हणाले, "आसं."

त्या एका 'आसं'वर मी ११८चा १०७ झालो. हँडिकॅपही, म्हणजे पारच्या वर मला साधारण किती फटके लागतात तो आकडा, खाली आला. तो काढताना शेवटच्या २० फेऱ्यांमधल्या सर्वांत चांगल्या ८ धरतात, बाकीच्या १२ दिवशी काय दिवे लावले ते कुणी विचारत नाही. दहावीला ही पद्धत असती तर मी वेगळ्या खात्यात असतो.

आणि मग डिसेंबरातला तो रविवार उगवला. गवतावर दव, तोंडातून वाफ, मामांच्या कानाला मफलर. पहिल्या नऊ भोकांत ४९. मी कुणाला बोललो नाही, पण कणीक मऊ मळली गेली होती. चौदाव्याला टीवरून मारलेला चेंडू तळ्यात गेला. डुबुक असा छोटासाच आवाज, जणू बेडकानं उडी मारली. कर्नलसाहेब पलीकडच्या वाळूच्या खड्ड्यात, बंकरात, स्वतःच्या भानगडीत होते. मी शांतपणे कडेला दुसरा चेंडू टाकला, पुढे खेळलो, भोकात गेल्यावर मारलेले फटके बोटांवर मोजले, ७ भरले, ७ लिहिले. जुना मी असतो तर तिथेच कोसळलो असतो. सतरावं संपलं तेव्हा एकूण ९५.

अठरावं भोक पार चारचं. चारात केलं तर ९९. टीवर उभा राहिलो तेव्हा अकराही सूचना रांगेत उभ्या होत्या. मी डोळ्यांपुढे पोळी आणली. ड्रायव्हर, म्हणजे लांब मारायची मोठी काठी, नीट लागला आणि चेंडू सरळ गेला. गॅस बंद केलेला होता. दुसरा फटका सात नंबर, गवत कापलं, ग्रीनच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या, अलीकडे येऊन थांबला. तिसरा हलकेच वर उचलला, म्हणजे काठीनं उचलला, आणि तो घरंगळत भोकाजवळ गेला. मी पावलं टाकून अंतर मोजलं. दिवाणाची लांबी अधिक दोन चपला.

त्या पटबद्दल फार लिहवत नाही. चेंडू निघाला, भोकाच्या काठावर आला, आत डोकावून बघितलं, अर्धी प्रदक्षिणा घातली आणि काठावरच बसला. वाऱ्याची झुळूक येईल म्हणून मी थोडा थांबलो. आली नाही. मग ढकलला. पाच.

कर्नलसाहेबांनी हात मिळवला. "शंभर! वेल प्लेड!" मीही मनातल्या मनात हिशेब करत होतो. शंभराच्या आत नाही, कबूल, पण शंभराच्या वरही नाही. शिशुपालालासुद्धा शंभरपर्यंत पूर्ण माफी होती. म्हणजे आज घरी जाऊन ताठ मानेनं सांगायला हरकत नव्हती. मी सही करायला कार्ड मांडीवर घेतलं.

मामा बाजूला उभे राहून फडक्यानं पटर पुसत होते. मफलर सारखा करत म्हणाले, "सायेब, चौदाव्याला पाण्यात गेल्ता, त्याच्या दंडाचा एक धरला का?"

मी वर बघितलं. कर्नलसाहेब टोपी काढून तर्जनीवर गरागरा फिरवत उभे होते.