कोटेशन भरून घेता, मग तारीखही लिहून द्या

टेंभू-म्हैसाळ उपसा सिंचन योजनांचं पाणी आलं आणि आटपाडीपासून जतपर्यंत माळ हिरवे झाले. पाणी आलं की मोटरी येणार, हे कळायला इंजिनिअर लागत नाही. कालव्यांची कामं तर कित्येक वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चालली होती. तरी डीपी (ट्रान्सफॉर्मर) जुन्याच. ६३ केव्हीएच्या डीपीवर किती मोटरी लटकल्यात, हे वायरमनला तोंडपाठ असतं. लाइट आली की सगळ्या एकदम सुरू, व्होल्टेज पडतं, कुणाची तरी मोटर जळते. (मंजुरी पाच एचपीची अन् विहिरीत साडेसातची, हे आपलेही उद्योग आहेतच.)

त्यात नवीन कनेक्शन मागितलं की उत्तर ठरलेलं. डीपीला लोड बसत नाही, पोल आले नाहीत, यादीत नाव आहे, बघू. आमच्या चुलत्यांनी कोटेशन (कनेक्शनसाठी वीज कंपनीने सांगितलेली रक्कम) भरलंय, पावती कपाटात आहे, आणि अख्खा उन्हाळा शेजाऱ्याच्या विहिरीवर काढला. वीज कंपनीचा साहेब माणूस चांगला, चहा पाजतो. तारीख तेवढी देत नाही.

विद्युत कायदा २००३, कलम ४३ वाचा. अर्ज केल्यापासून महिन्यात वीज देणं हे कंपनीचं कर्तव्य आहे, उपकार नाही. चुकलं तर दिवसाला १००० रुपयांपर्यंत दंड. केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत २०२४ साली मुदत आणखी आवळली: महानगरात ३ दिवस, पालिका हद्दीत ७, खेड्यात १५, डोंगरी खेड्यांत ३०.

मग गाडी अडते कुठे? नवीन लाइन ओढायची किंवा सबस्टेशन उभारायचं असेल, तर ते काम झाल्यावर किंवा वीज नियामक आयोग ठरवेल त्या मुदतीत, अशी सवलत त्याच कलमात आहे. शहरात ती क्वचित लागते. आमच्याकडे गावठाण ओलांडलं की प्रत्येक मळ्याला पोल लागतो, म्हणजे सवलत हाच नियम!

वर शेतीपंपांची थकबाकी ऐकवतात. थकबाकी आहे, नाकारत नाही. पण ज्याला मीटरच मिळाला नाही, त्याच्याकडे बिल कसलं थकणार?

'सोलर पंप घ्या' म्हणतात. विहिरीपुरतं ठीक आहे, मीही घेईन. वस्तीवरच्या घराचं, रात्रीच्या कडबाकुट्टीचं काय करायचं?

अर्ज दिलात तर आवक शिक्क्याची प्रत घ्याच. लाइन लांबवायची असेल तर काम कधी संपणार, हे लेखी मागा. नाही दिलं तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल. चुलत्यांचा मंचाकडचा अर्ज आज रात्री लिहायला बसतोय, कुणाला नमुना हवा असेल तर कमेंटमध्ये सांगा.