चेंडूला मनाई असलेलं 'क्रीडा क्षेत्र'

आज परत एका नदीकाठाच्या विकासाचं चित्र फोनवर आलं. बंद पडलेल्या कारखान्याची जमीन, शेजारी नदी आणि वर मोठ्या अक्षरांत 'क्रीडा व मनोरंजन क्षेत्र'. सोनेरी ऊन, काचेच्या भिंतींचे कोर्ट, कॉफी पिणारी माणसं. खेळणारं पोर मात्र एकही नाही. डोकंच फिरलं, म्हणून लिहायला बसले.

अशाच एका चकचकीत काठावर मी भाच्याला घेऊन गेले होते. त्याच्याकडे साधा रबरी चेंडू. दोन टप्पे पडले नाहीत तोच शिट्टी वाजली. रखवालदाराने फलक दाखवला: चेंडू, सायकल, स्केटिंगला मनाई. खेळायचंच असेल तर मागे टर्फ आहे, तासाच्या भाड्याने, आधी बुकिंग करून. भाच्याने चेंडू शर्टात लपवला आणि विचारलं, "मावशी, मग इथे करायचं काय?"

काय सांगणार होते मी त्याला? ज्या वस्त्यांनी वर्षानुवर्षं कारखान्याचा धूर खाल्ला, सांडपाण्याचा वास सोसला, त्यांचीच नातवंडं ही. जमीन रिकामी झाली, तर पहिला हक्क त्यांचा नको?

आणि हे जमत नाही, असं मला कोणी सांगू नका. जर्मनीत ड्युइसबुर्गचा लोखंडाचा कारखाना १९८५ मध्ये बंद पडला. त्यांनी भट्ट्या पाडल्या नाहीत. खनिज साठवायच्या कोठारांच्या भिंतींवर आज लोक चढाई करतात, जुन्या गॅसच्या टाकीत पाणी भरून डायव्हिंग चालतं आणि आवारात शिरायला तिकीट नाही. कोपनहेगनने आधी बंदरात जाणारं मैलापाणी आवरलं आणि मग २००२ मध्ये तिथे पोहायची जागा उघडली, तीही फुकट. आधी पाणी, मग पायऱ्या. आपल्याकडे आधी काँक्रीट आणि रोषणाई, नाला तसाच वाहतोय.

मातीचं तर कोणी नावच काढत नाही. सिअॅटलच्या जुन्या गॅस कारखान्याच्या जागी १९७५ मध्ये बाग झाली, पण जमिनीतलं विष इतकं चिवट की तिथे काठावरून पाण्यात उतरायला आजही बंदी आहे. गुडघे फोडून घेणारी पोरं ज्या मातीत लोळणार, ती तपासायची कोणी?

देखभालीला पैसा लागतो, मान्य. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन ब्रिज पार्कने तो आवारातल्या इमारतींच्या उत्पन्नातून उभा केला. पण तिथल्या जुन्या धक्क्यावरची बास्केटबॉलची कोर्टं सगळ्यांना खुली ठेवली. भाच्याला तिथे कोणी शिट्टी मारली नसती.

मुंबईच्या गिरण्यांचं आठवलं की मात्र जीव तळमळतो. १९९१ च्या नियमाने गिरणीच्या जमिनीचा साधारण एक तृतीयांश वाटा शहराच्या मोकळ्या जागांसाठी आणि तेवढाच म्हाडाला मिळायचा होता. २००१ मध्ये नियम बदलला: वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीची, शेड उभ्या आहेत ती जमीन बाहेर. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही तो बदल टिकला. किती मैदानं त्या एका ओळीत गेली! कायदेशीर असेल, न्याय्य नव्हतं. टॉवर उभा राहिल्यावर मैदान कुठून परत आणणार?

त्या रखवालदारावर माझा राग नाही. शर्टातला चेंडू बघून तोही ओशाळला होता. "मॅडम, वरून सांगितलंय," एवढंच म्हणाला. राग त्या 'वर'च्यांवर आहे, ज्यांच्या डोळ्यांना चित्रात पोर नसलेलं खुपत नाही.

या आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या आहेत. मी लिहून देतेय: मातीचा तपासणी अहवाल जाहीर करा, मैलापाणी आधी थांबवा, निम्मी जागा बिनभाड्याची आणि बिनबुकिंगची ठेवा, चेंडूवरची बंदी नको. मसुदा हवा असेल त्यांनी इनबॉक्समध्ये सांगा. स्वतःच्या नावाने, सही करून द्या, फॉरवर्ड करून थांबू नका.